लहरी मोफत, पण मोकाट नव्हेत

जमिनीतील ओल मोजणारी आणि दुरून मोटार बंद-चालू करणारी बिनतारी यंत्रे आता बाजारात मिळतात. बदनापूरसारख्या मोसंबीच्या भागात त्यांना गिऱ्हाईक आहे. ती विकण्याचे आणि बसविण्याचे काम मोटार रिवायंडिंग व इलेक्ट्रिक मालाच्या धंद्यातील आपल्या बांधवांकडेच येते. म्हणून या यंत्रांचा कायदा आम्ही येथे सांगत आहोत.

एका खोलीत दहाजण एकदम बोलू लागले तर कोणाचेच ऐकू येत नाही. लहरींचेही तसेच आहे. त्यामुळे केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा कोणी कोणत्या पट्ट्यात बोलावे ते ठरवते. 1933 च्या कायद्याने तर बिनतारी यंत्र नुसते बाळगायलाही परवाना लागे. 2005 मध्ये दोन पट्ट्यांना परवान्यातून सूट मिळाली. त्यांपैकी 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झमध्ये वायफाय व ब्लूटूथ चालतात. दुसरा 865 ते 867 चा. तो 2021 मध्ये 868 पर्यंत वाढला. समृद्धी महामार्गाच्या नाक्यावर फास्टॅग याच पट्ट्यात वाचला जातो. शेतीला हाच उपयोगी, कारण या लहरी दूरवर आणि झाडाझुडपांतून जातात.

सूट असली तरी बंधने आहेत. या दुसऱ्या पट्ट्यात यंत्राची प्रक्षेपण शक्ती 1 वॅटपेक्षा जास्त चालत नाही. शेजारच्या यंत्राने अडथळा आणला तरी दाद मागता येत नाही. तेव्हा मोटारीला हाताने बंद करण्याचा स्विच ठेवल्याशिवाय यंत्र बसवू नये, असे आमचे मत आहे.

खरा घोळ स्वस्त आयात मालात होतो. 915 मेगाहर्ट्झचे मॉड्यूल अमेरिकेसाठी असते. तेथे 902 ते 928 हा पट्टा मोकळा आहे. आपल्याकडे 890 ते 915 मध्ये मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. असे यंत्र लावले तर जवळच्या टॉवरला गिऱ्हाइकांचे फोन नीट ऐकू येत नाहीत. युरोपचा 868 चा मालही फसवा, कारण त्याच्या नेहमीच्या वाहिन्या 868.1 पासून सुरू होतात, म्हणजे आपल्या हद्दीबाहेर.

माल घेताना 865 ते 867 चा उल्लेख पाहावा, पक्के बिल घ्यावे आणि ईटीए या मान्यतापत्राची प्रत मागावी. हे पत्र मॉडेलवार मिळते व ते काढणे उत्पादकाचे किंवा आयातदाराचे काम आहे. प्रत द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याचा माल कितीही स्वस्त असला तरी दुकानात ठेवू नये.