कडेवरचे मूल आणि पोटातले बाळ

महिन्यापूर्वीची गोष्ट. कोलाड नाक्यावरच्या माझ्या दवाखान्यात एक सासू, तिची सून आणि सुनेच्या कडेवरचा सव्वा वर्षाचा मुलगा असे तिघे आले. दाखवायचे होते सुनेला. तिला तिसरा महिना होता आणि सकाळच्या उलट्यांनी ती बेजार झाली होती. मुलगा सारखा तिच्या पदराशी झटत होता आणि ती त्याचा हात बाजूला करीत होती. मी विचारले, "ह्याचे अंगावरचे दूध बंद केले का?" उत्तर सासूबाईंनी दिले. "केलं ना, डॉक्टरीणबाई. पंधरा दिवस झाले. पोटुशी बाईचं दूध पोराला बाधतं. कडुनिंब लावला तरी सोडीना, मग आठ दिवस मामाकडं ठेवला."

मुलाला काट्यावर ठेवले. अंगणवाडीच्या कार्डावर दोन महिन्यांपूर्वी जे वजन लिहिले होते, त्याहून ते पाव किलो कमी भरले. या वयात वजन नुसते स्थिर राहिले तरी काळजी करावी. इथे ते उतरले होते. सुनेला उलट्यांचे औषध दिले, पण त्या दिवशीचा माझा बहुतेक वेळ त्या मुलावर गेला, आणि आजचा हा लेखही त्याच्यासारख्या मुलांवरच आहे.

पोटुशी बाईचे दूध बाधते ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. ती कोठून आली हे समजणे अवघड नाही. आईला दिवस गेले की कडेवरचे मूल किरकिरे होते, वाळते, आजारी पडते, हे आपल्या आजी-पणजीने डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी पाहिले ते खरे, पण कारण चुकीचे लावले. गरोदरपणात दूध नासत नाही आणि त्याचे विषही होत नाही. होते ते असे की, पोटातील संप्रेरकांमुळे दूध हळूहळू कमी होते आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापासून त्याची चवही बदलते. काही मुले त्या सुमारास आपण होऊनच पिणे सोडतात. पुढे दुधाऐवजी चीक येऊ लागतो. चिकाने शी थोडी पातळ होऊ शकते, त्यालाच "बाधले" म्हणतात. मूल वाळते ते दूध पिण्याने नव्हे. दूध एकाएकी तुटते आणि त्या जागी पुरेसे काही दिले जात नाही म्हणून.

ही गोष्ट फक्त आपल्या कोकणातली नाही. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरीणबाई १९३० च्या दशकात आफ्रिकेतील तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, मुलांचा दवाखाना चालवीत होत्या. तिथे एक ते चार वर्षांची मुले हातापायांवर सूज, कातडीवर काळपट डाग आणि तांबूस पडलेले केस घेऊन येत आणि मरत. १९३३ साली त्यांनी या आजाराचे वर्णन छापले आणि १९३५ साली त्याला तिथल्या गा भाषेतलाच शब्द दिला, क्वाशिओरकोर. तिथल्या बायका हा शब्द, पाठचे भावंड आल्यामुळे आईच्या अंगावरून दूर झालेल्या मुलाच्या आजारासाठी वापरीत. दूध सुटले की त्या मुलांना मक्याची पेज, आणि बहुधा तेवढीच. आज शास्त्रज्ञ सांगतात की या आजारामागे एकट्या प्रथिनांची उणीव नसते, आणखीही कारणे असतात. परंतु गा बायकांनी मूळ कोठे आहे ते बरोबर ओळखले होते.

मग दूध चालू ठेवावे का? गरोदरपण सरळ असेल तर खुशाल ठेवावे. मूल पिऊ लागले की गर्भाशय किंचित आवळते, पण निरोगी गरोदरपणात त्याने गर्भ पडत नाही. मात्र अंगावर रक्त जात असेल, पूर्वी दिवस पुरे होण्याआधी बाळंतपण झाले असेल, वारंवार गर्भपात झाले असतील किंवा पोटात जुळी असतील, तर डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आईला दुखते म्हणून किंवा नकोसे वाटते म्हणून सोडवायचे असेल तर तेही चूक नाही. पण दिवसाचे एक पाजणे बंद करा, आठवडाभर जाऊ द्या, मग दुसरे. रात्री झोपतानाचे सर्वांत शेवटी. आणि दूध सोडवण्यासाठी मुलाला मामाकडे धाडू नका. त्या कोवळ्या जिवाचे दूधही जाते आणि आईही जाते, तेही एकाच दिवशी. मूल वर्षाच्या आतले असेल तर मात्र घरच्या घरी काही ठरवू नये. त्याला दुसरे दूध कोणते व किती द्यायचे हे विचारून घ्यावे, आणि सहा महिन्यांच्या आतले असेल तर दर आठवड्याला वजन करावे. दोन मुलांत अंतर हवे हे खरेच. एक मूल झाल्यावर निदान दोन वर्षे पुन्हा दिवस राहू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण ज्या घरात दिवस गेलेच आहेत तिथे मी हे व्याख्यान देत बसत नाही.

आता जेवणाचे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसातून तीन वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा खाऊ लागतो. आई जेवते त्याच्या साधारण निम्मे. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांना ते पटेना, "एवढुसं पोर एवढं खाईल?" एका बैठकीत खाणार नाही, म्हणूनच पाच वेळा. त्याचे पोट एका वेळी वाटीभरापेक्षा फारसे घेत नाही, आणि ती वाटी पातळ पेजेची असली तर त्यात पाणीच जास्त. पेज घट्ट करा, भात मऊ करून त्यात वालाचे बिरडे किंवा वरण कुस्करा, वर चमचाभर तेल किंवा तूप सोडा. अंडे द्या. मासळीचे काटे काढून द्या. सुकट-जवळा खारट वाटला तर धुऊन, भाजून, कुटून भातात मिसळा. नाचणी आपल्याकडे आहेच. अंगणवाडीतून तीन वर्षांच्या आतील मुलांसाठी आणि गरोदर आईसाठी घरी न्यायचा शिधा मिळतो, तो ज्यांच्या नावाचा आहे त्यांच्याच पोटात जावा. (तो घरभर वाटला जातो हे मला ठाऊक आहे.)

याच घरात आणखी एक धोका फळीवर ठेवलेला असतो, तो म्हणजे आईच्या लोहाच्या गोळ्या. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे ४६ टक्के गरोदर स्त्रियांना आणि पाच वर्षांच्या आतील सुमारे ६९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. म्हणून चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा निदान १८० गोळ्या आईने घ्यायच्या असतात, आणि मुलालाही आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध एक-एक मिलिलिटर मिळते. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. हे सर्वांना सांगितले जाते. सांगितले जात नाही ते हे की, ती लालचुटुक गोळी मुलाला लिमलेटच्या गोळीसारखी दिसते. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. दहा किलोच्या मुलाने तीन-चार खाल्ल्या तर पोट बिघडते. दहा खाल्ल्या तर जिवावर बेतते.

माझ्या दुसऱ्या खेपेची गोष्ट सांगते. मी डॉक्टर, तरी पाकीट पर्समध्ये आणि पर्स खाटेवर. मोठी तेव्हा वीस महिन्यांची. दुपारी डोळा लागला, उठून पाहते तर तिच्या हातात पाकीट आणि ओठ लाल. गोळ्या मोजल्या, दोन कमी. पंधरा मिनिटे मी खाटेखाली, गादीत, तिच्या तोंडात शोधत होते. एक गोळी चघळून थुंकलेली सापडली, दुसरी कपाटाखाली घरंगळली होती. निभावले. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले की, पाठचे भावंड जन्मण्याच्या आसपासच्या महिन्यांत लहान मुलांना लोहाची विषबाधा होण्याचा धोका वाढतो. अमेरिकेत तर या गोळ्यांनी इतकी मुले दगावली की १९९७ साली सरकारने पाकिटांवर इशारा छापायला लावला.

गोळ्या कुलपात ठेवा, आणि मुलासमोर खाऊ नका. ते आईचे पाहून शिकते. मुलाने खाल्ल्याच तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढण्याचा खटाटोप नको. उरलेले पाकीट बरोबर घेऊन तडक रोह्याला किंवा अलिबागला जिल्हा रुग्णालयात जावे. गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा. आणि हे ध्यानात ठेवा: आधी उलट्या, रक्ताचे जुलाब होतात, मग काही तास मूल बरे झाल्यासारखे खेळू लागते, आणि त्यानंतर एकदम ढासळते. "आता बरा आहे" म्हणून वाटेतून परत फिरू नका.

मूल कडेवर घ्यावे की नाही हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा विचारला जातो. सरळ गरोदरपणात घ्यायला हरकत नाही. कमरेत वाकून उचलू नये, गुडघ्यांत बसून उचलावे. त्याहून बरे म्हणजे आपण खाली बसावे आणि त्याला मांडीवर चढू द्यावे. धाटावच्या एमआयडीसीत पाळ्या करणारे बाप घरी झोपायलाच येतात अशी बायकांची तक्रार असते. पण अंघोळ, एक वेळचे भरवणे आणि रात्री थोपटणे एवढे तरी बापाने सातव्या महिन्याच्या आत आपल्याकडे घ्यावे. बाळ आल्यावर मग मुलाला हे काही नवे वाटत नाही. आणि शेजारपाजारच्यांनी "आता तुझी आई बाळाची झाली बरं का" अशी थट्टा बंद करावी. मोठ्यांना गंमत वाटते. दोन वर्षांचे मूल ते खरे धरते आणि पुन्हा अंथरूण ओले करू लागते.

त्या मुलाकडे परत येते. मापाची पट्टी लावली तेव्हा त्याचा दंड १२.७ सेंटिमीटर भरला होता. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड १२.५ च्या खाली गेला तर ते कुपोषण, आणि ११.५ च्या खाली किंवा दोन्ही पावलांवर दाबल्यावर खळगा पडणारी सूज असेल तर ते तीव्र कुपोषण. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सूनबाईंना मी रात्रीचे पाजणे पुन्हा सुरू करायला सांगितले. सासूबाई निघताना काही बोलल्या नाहीत. काल त्या एकट्याच नातवाला घेऊन आल्या. दंड १३ भरला, वजन मागच्या कार्डाच्या थोडे पुढे गेले. "रातचं पितो अजून," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून डबा काढून दाखवला: भात, बिरडे, वर तूप. बाहेर बाकावर बसून त्यांनी त्याला ते सगळे भरवले, आणि मगच त्या घरी जायला निघाल्या.