मणक्याच्या गादीत स्टेम सेल: पैसे भरण्याआधी

"मॅडम, गादी झिजलीय. स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलं की पुन्हा भरते म्हणतात. बागेवर कर्ज काढू का?" निफाडच्या एका द्राक्षबागायतदारांनी एमआरआयची फिल्म पुढे ठेवत विचारलं. नाशिकला फिजिओथेरपी करताना हा प्रश्न आता वरचेवर कानावर येतो.

निरोगी गादीच्या गाभ्यात भरपूर पाणी असतं, ते फिल्मवर पांढरं दिसतं. वयाबरोबर पाणी धरून ठेवणारे रेणू घटतात आणि गादी काळी दिसू लागते. पण काळी गादी म्हणजे दुखणं नव्हे. २०१५च्या एका मोठ्या आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या.

स्टेम सेलच्या उपचारात अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून सुईने गादीत सोडतात. खरी अडचण त्यानंतरची. गाभ्यात रक्तवाहिनीच नाही. ऑक्सिजन आणि साखर वरच्या-खालच्या मणक्यांतून, कूर्चेच्या पातळ थरातून झिरपत येतात. झिजलेल्या गादीत हा थरही खराब होतो. मूळच्याच पेशींची जिथे उपासमार, तिथे नव्या कशा तगणार?

स्पेनमध्ये २०११ साली १० रुग्णांवर प्रयोग झाला. दुखणं कमी झालं, गादीची उंची मात्र वाढली नाही. शिवाय तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मेसोब्लास्ट कंपनीने ४०४ रुग्णांवर चाचणी घेतली. २०२१मध्ये निकाल आला: मुख्य उद्दिष्ट साधलं नाही. काही रुग्णांच्या वेदना घटल्याचं दिसल्याने पुढची चाचणी हाती घेतली गेली. संशोधन चालू राहायलाच हवं, पण ते रुग्णाच्या कर्जावर नको.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य अपवाद सोडले, तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीत करायचा आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत.

बहुतेकांची कंबर चालणं, नेटाने केलेले व्यायाम आणि थोडा धीर यांनी सुधारते. मात्र पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरता आली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

आणि कुणी हे इंजेक्शन सुचवलं, तर चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. तो मिळाला नाही, किंवा आधी पैसे भरायला सांगितले, तर तिथून उठून या.