मेंदूच्या चित्रांतील उंबरठा

रायगड जिल्ह्यांतील दिवेआगर हें गांव समुद्रकांठच्या नारळी-पोफळींच्या बागांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील एखादा बागाईतदार सुपाऱ्यांचा ढीग पुढें घेऊन बसला आहे, अशी कल्पना करा. सुपारी न फोडतां, केवळ बाहेरून पाहून, तो किडकी सुपारी निवडून काढतो. त्याची नजर तयार आहे. तथापि शंभर चांगल्या सुपाऱ्यांमागें पांच तो चुकून किडक्या ठरवितो. आतां ढिगांतील एक हजार सुपाऱ्या सर्वच्या सर्व चांगल्या असल्या, तरी सुमारें पन्नास बाजूस पडतील, आणि पाहणारा म्हणेल, यंदा बागेंत कीड शिरली! वस्तुतः दोष बागेचा नसून निवडीच्या रीतीचा आहे.

मेंदूचीं चित्रें काढणाऱ्या शास्त्रज्ञांपुढें हाच प्रश्न उभा राहतो. मेंदूचा जो भाग कामास लागतो, तेथें रक्ताचा पुरवठा वाढतो. आणि रक्तांतील प्राणवायूच्या कमीअधिकपणामुळें चुंबकीय यंत्राच्या चित्रांत फरक पडतो, हें सेजी ओगावा यांनीं १९९० सालीं दाखवून दिलें. यंत्रास विचार दिसत नाहीं. तें हा फरक तेवढा मोजतें. मेंदूचे लहान लहान घन कल्पून प्रत्येकाची निराळी परीक्षा घेतात. त्या जागीं कांहींच घडत नसेल, तर केवळ योगायोगानें एवढा फरक पडण्याचा संभव किती, हें गणितानें काढतात. तो संभव ठराविक मर्यादेहून कमी भरला, कीं तो घन रंगवितात. ही मर्यादा म्हणजेच उंबरठा. ती शेंकडा ५ ठेवली व घन ५०,००० असले, तर मेंदूंत कांहींहि घडत नसतां सुमारें २,५०० घन रंगतील.

क्रेग बेनेट व त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं अमेरिकेंत याचें मासलेवाईक उदाहरण पुढें मांडलें. मेलेला सालमन मासा यंत्रांत ठेवून त्यास माणसांचीं चित्रें दाखविलीं, व त्या माणसांच्या मनांत कोणती भावना असावी, असें विचारलें! उंबरठा हजारांत एक इतका कडक असूनहि मृत माशाच्या मेंदूंत कांहीं घन रंगले. परीक्षांची संख्या हिशेबांत घेतांच ते नाहींसे झाले.

हा हिशेब करण्याच्या रीति अनेक आहेत. बोनफेरोनी यांच्या नांवानें ओळखली जाणारी रीत मर्यादेस परीक्षांच्या संख्येनें भागते. वरील उदाहरणांत ती दहा लाखांत एक होते. तींत खोटें सहसा शिरत नाहीं, परंतु पुष्कळ खरेंहि बाहेर राहतें. बेंजामिनी व होखबर्ग यांनीं १९९५ सालीं मधला मार्ग सुचविला: रंगविलेल्या घनांत खोट्यांचें सरासरी प्रमाण आवरून धरावें. तिसरी रीत शेजारशेजारच्या घनांचा पुंजका पाहते. परंतु तिच्यामागील गृहीतें नेहमींच खरीं नसतात, असें एकलुंड प्रभृतींनीं २०१६ सालीं दाखविलें.

हा केवळ गणिताचा वाद नव्हे. मेंदूंतील गांठ काढण्यापूर्वीं बोलण्याचें केंद्र कोठें आहे, हें शस्त्रवैद्य अशा चित्रांत पाहतात. उंबरठा फार कडक असला, तर तें केंद्र कोरें दिसेल आणि रोग्याची वाचा जाण्याचें भय राहील. फार सैल असला, तर काढतां येण्याजोगी गांठ भीतीपोटीं आंत राहील. म्हणून शस्त्रवैद्य एकट्या चित्रावर विसंबत नाहींत. रंगीत चित्र हातीं आल्यावर, ‘काय उजळलें?’ या प्रश्नाच्या आधीं, ‘उंबरठा कोठें होता?’ हें विचारणें अगत्याचें आहे.