कोळी मुतल्याचा आरोप

सकाळी उठावं तर मानेवर किंवा दंडावर बोटभर लांब लाल पट्टा उमटलेला असतो. रात्री झोपताना काहीच नव्हतं. दुपारपर्यंत त्यावर बारीक फोड येतात, आग आग होते आणि घरातलं एखादं वडीलधारं माणूस लांबूनच बघून निदान करतं: कोळी मुतला. काही घरांत हा आळ पालीवर जातो.

दोघंही निर्दोष आहेत. पालीच्या विष्ठेच्या टोकाला जो पांढरा ठिपका दिसतो, तेच तिचं मूत्र. जवळजवळ कोरडं युरिक आम्ल. कोळ्याच्या विष्ठेतही कातडी भाजेल असं काही नसतं. खरा गुन्हेगार असतो पेडेरस नावाचा एक भुंगेरा. भुंगेरा म्हटलं की डोळ्यांसमोर गोल, टणक पाठीचा किडा येतो. हा तसा नाही. लांबट, सडपातळ, सेंटिमीटरभरही भरत नाही. घाईत बघितला तर मुंगीच वाटेल. डोकं काळं, मान नारिंगी, पाठीवर निळसर हिरवे तोकडे पंख, मागे नारिंगी पोट आणि त्याचं टोक पुन्हा काळं. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दमट दिवसांत तो दिव्याकडे येतो, विशेषतः शेताजवळच्या घरांत आणि वसतिगृहांत.

तो चावत नाही, डंखही मारत नाही. मानेवर काहीतरी वळवळलं म्हणून आपण झोपेतच हात मारतो आणि त्याला कातडीवर चिरडून पुसून टाकतो. त्याच्या अंगातल्या द्रवात पेडेरिन नावाचं जहाल रसायन असतं. हात जसा फिरला तसा पट्टा उमटतो, म्हणून तो लांबट असतो. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या वळणात किडा चिरडला गेला, तर घडीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर सारखेच डाग उठतात. आणि हे सगळं दिसायला साधारण दिवसभर, कधी दोन दिवस लागतात. तोवर किडा कधीच केरात गेलेला असतो आणि छतावर कोळी मात्र जागच्या जागी बसलेला असतो. आळ कुणावर जाणार, हे उघड आहे.

आणखी गंमत म्हणजे पेडेरिन हा किडा स्वतः बनवतच नाही. मादीच्या शरीरात राहणारे जिवाणू ते बनवतात. आणि भातशेतीत हाच किडा तुडतुडे खातो, म्हणजे शेतकऱ्याच्या बाजूने उभा असतो. अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवावा, चिरडू नये. चिरडला गेलाच तर जागा लगेच साबणाने धुवावी आणि तो हात डोळ्याला लावू नये. पापणीला हे रसायन लागलं तर डोळा सुजून बंद होतो.

आता त्या वडीलधाऱ्या माणसाला हसण्याआधी त्याचं काय बरोबर होतं तेही बघू. फोड एका लहान जिवामुळे आले, हे बरोबर. त्याच्या अंगातल्या द्रवामुळे आले, हेही बरोबर. चूक झाली ती फक्त आरोपी धरण्यात. किड्यांबद्दलच्या आपल्या बऱ्याच समजुती अशाच आहेत. डोळ्यांनी पाहिलेलं खरं असतं. मधली न दिसलेली पायरी आपण मनाने भरतो आणि तिथे घसरतो.

ही घसरण एरवी गमतीची, पण एका बाबतीत महागात पडते. कमरेवर किंवा छातीवर एका बाजूला फोडांचा पट्टा आला की तोही कोळ्याच्या नावावर टाकला जातो, नाहीतर ‘नागीण’ म्हणून त्यावर गेरू लावला जातो, मंतरून घेतलं जातं. नागिणीचा सापाशी संबंध नाही आणि कोळ्याशीही नाही. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपून राहतो. वय झाल्यावर किंवा प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर तो जागा होतो आणि एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. त्या मज्जातंतूचा मुलूख शरीराच्या मध्यरेषेशी संपतो, म्हणून पट्टाही बहुधा तिथेच थांबतो. नागिणीचं तोंड आणि शेपटी भेटली की माणूस दगावतो, ही भीती त्यातूनच आली असावी: भेटलेली कुणी सहसा पाहिलेलीच नाही. पेडेरसची आग आणि नागिणीचं दुखणं यांत एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. नागिणीत बऱ्याचदा फोड येण्याच्या आधीच त्या जागी ठणका सुरू होतो. तिच्यावर विषाणूविरोधी गोळ्या आहेत आणि फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर त्यांचा चांगला उपयोग होतो. ते तास गेरूत घालवले तर महिनोन्‌महिने छळणारी मज्जातंतूंची वेदना मागे राहू शकते. पट्टा डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पालीवरचा दुसरा आळ जुना आणि भक्कम आहे: पाल दुधात किंवा खिचडीत पडली की अन्न विषारी होतं. घरातल्या पालीच्या अंगात विषग्रंथी नाही. सापसुरळीतही नाही, तिचं नाव आणि तिची चकाकी कितीही सापासारखी असली तरी. मग पाल पडलेलं खाऊन लोकांना उलट्या होतात त्या खोट्या का? नाही, खऱ्याच असतात. पण मोठ्या पातेल्यात शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात जिवाणू वाढतात, आणि त्यांतल्या काहींचं विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. पाल सापडली नसती तरी त्या पातेल्याने घात केलाच असता. शिवाय ‘पाल होती’ हे कळल्यावर ज्यांनी एकच घास खाल्ला त्यांनाही मळमळतं. ते किळसेचं काम. पालीच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात, त्यामुळे पाल पडलेलं अन्न फेकून द्यावं, यात वाद नाही. फक्त कारण विषाचं नाही, अस्वच्छतेचं आहे. तिचं चुकचुकणंही आपल्या शंकेला दुजोरा देण्यासाठी नसतं. दुसऱ्या पालीला ‘ही भिंत माझी’ असं बजावण्यासाठी असतं. ती भिंतीला चिकटते तेही डिंकाने नव्हे. तिच्या बोटांखाली लाखो अतिसूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाला शेकडो फाटे. ते भिंतीच्या इतके जवळ जातात की रेणूरेणूंमधलं क्षीण आकर्षणच तिला पेलून धरतं.

पण ‘पाहिलं खरं, जोडलं चुकीचं’ याचा सगळ्यात सुंदर नमुना पालीत नाही, कुंभारणीत आहे. खिडकीच्या चौकटीत, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे, कधी बंद पडलेल्या नळाच्या तोंडात मातीची लहानशी घरं बांधणारी ही माशी. तिच्यावरून आपल्याकडे एक अख्खा दृष्टांत उभा आहे. माशी एका अळीला उचलून आपल्या घरात कोंडते, तिच्याभोवती गुंजारव करते, आणि भीतीने सतत माशीचंच चिंतन करणारी अळी शेवटी माशी होऊन बाहेर पडते. यालाच भृंगकीटक न्याय म्हणतात. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत मधमाशी, पतंग आणि कोळी यांच्या पंगतीला ही माशीही आहे. याच स्कंधावर एकनाथांनी आपलं भागवत रचलं, त्यामुळे मराठी घराघरांत हा दृष्टांत पोचला.

यातली निरीक्षणं तपासून बघा. माशी अळी घेऊन आत जाते: बिनचूक. गुंजारव करते: हेही बिनचूक, कारण ओली माती थापताना ती अंगाला थरथर देते आणि त्याचा आवाज येतो. बंद घरातून काही आठवड्यांनी माशीच बाहेर पडते, अळी परत कधी दिसत नाही: तेही खरं. ज्यांनी हे पहिल्यांदा टिपलं त्यांनी या घराजवळ बराच वेळ घालवला असणार. त्यांना दिसलं नाही ते फक्त अंडं. कुंभारणीच्या काही जाती आधी मातीच्या मडक्याच्या आत बारीक धाग्याला एक अंडं टांगतात आणि मग अळ्या भरतात. काही जाती अळ्यांऐवजी कोळी आणतात. डंख मारून भक्ष्य लुळं केलेलं असतं, मारलेलं नसतं, म्हणून ते दिवसेंदिवस ताजं राहतं. अंड्यातून निघालेलं पिलू आयता शिधा खातं, कोशात जातं आणि माशी होऊन माती पोखरून बाहेर येतं. अळीची माशी होत नाही. अळी जेवण होते. दृष्टांत म्हणून तो न्याय वापरायला माझी हरकत नाही, जीवशास्त्र म्हणून मात्र नको.

ही माशी एकटी राहते आणि गांधीलमाश्यांसारखी जमावाने घर राखत नाही. ती स्वतःहून सहसा डसत नाही. तिचं मातीचं घर झाडूने पाडण्यात काहीच शहाणपण नाही, आत बागेतल्या अळ्यांचा साठा असतो.

भागवतातला तो अवधूत म्हणजे दत्त, असं आपल्याकडे मानतात, आणि दत्ताचं झाड औदुंबर. या झाडाबद्दलची समजूत सगळ्यांना ठाऊक असते: उंबराला फूल मध्यरात्री येतं आणि ते ज्याला दिसेल त्याचं भाग्य उजळतं. पुन्हा निरीक्षण पक्कं. उंबराचं फूल खरंच कुणाला दिसत नाही, कारण आपण ज्याला फळ म्हणतो तो आतल्या बाजूने शेकडो बारीक फुलांनी भरलेला बंद डबा असतो. उंबर फोडल्यावर उडणारी चिलटं बघून आपण ‘किडकं’ म्हणून फेकून देतो. ती चिलटं नव्हेत, दोनेक मिलिमीटरच्या गांधीलमाश्याच आहेत, आणि उंबर किडलेलं नसतं, मार्गी लागलेलं असतं.

माशी उंबराच्या टोकाच्या छिद्रातून आत शिरते. ते इतकं अरुंद आणि पदरांनी झाकलेलं असतं की घुसताना तिचे पंख गळून पडतात. परतीची वाट संपली. बरोबर आणलेले पराग ती फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर आधी बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. उंबराबाहेरचं जग त्यांच्यासाठी नसतंच. ते माद्यांशी मीलन करतात, भिंतीला भोक पाडतात आणि मरतात. माद्या पराग घेऊन त्या भोकातून दुसऱ्या उंबराकडे उडतात. ही माशी नसेल तर उंबराला बी धरणार नाही. वड आणि पिंपळाच्याही आपापल्या माश्या आहेत. जैन आचारात उंबर, वड, पिंपळ अशी पाच फळं वर्ज्य आहेत, कारण त्यांत जीव असतात. तिथे निरीक्षण आणि निष्कर्ष दोन्ही बरोबर जुळले, एवढं म्हणायलाच हवं. हल्ली मात्र हीच शंका अंजिरावर घेतली जाते. पुरंदरचं अंजीर परागण न होताच पिकतं. त्याला माशी लागत नाही. शाकाहारी मंडळींनी ते निर्धास्त खावं.

गोमेचं प्रकरण लहान आहे. ती कानातून मेंदूत जाते म्हणतात. कानात किडा शिरू शकतो, वेदनाही भयंकर होतात, पण पुढे कानाचा पडदा आहे आणि मेंदूकडे वाट नाही. काडीने टोकरू नये. पडद्याला आधीपासून भोक नसेल तर कोमट तेलाचे थेंब टाकून डॉक्टरकडे जावं. गोमेच्या दंशात विष असतं आणि तो दुखतो, हे मात्र खरं. तिला ‘शतपद’ म्हणतात, पण बरोब्बर शंभर पाय तिला असू शकत नाहीत, कारण मोठ्या झालेल्या गोमेच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम असतात. न्हाणीघराच्या मोरीतून येणारा काळा, गांडुळासारखा ‘वाळा’ हा खरा साप आहे, पण बिनविषारी. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खातो. त्याच्यात नर सापडतच नाहीत, सगळ्या माद्या. आणि गांडूळ मधोमध कापलं तर दोन गांडुळं होत नाहीत. पुढचा तुकडा कधी शेपटी पुन्हा वाढवून जगतो, मागचा मरतो.

एवढ्या सगळ्यांची वकिली केल्यावर झुरळाचीही करीन, असं वाटलं असेल तर नाही. झुरळांच्या साडेचार हजारांवर जाती आहेत आणि माणसाच्या घरात त्रास देणाऱ्या जेमतेम तीसेक. बाकीच्या जंगलात पालापाचोळा कुजवत बसलेल्या असतात. पण त्या तीसेकांवरचा राग रास्तच आहे. त्यांची विष्ठा आणि कातीचे कण यांनी दमा बळावतो. किळस इथे शहाणी आहे. अणुबॉम्बमधूनही झुरळ वाचतं ही मात्र फुगवलेली कीर्ती. ते माणसापेक्षा जास्त किरणोत्सार सोसतं, पण अनेक कीटक त्याच्यापेक्षाही जास्त सोसतात.

त्याच्या नावातही आरोपी चुकलेला आहे. मोठ्या तांबड्या झुरळाला अमेरिकन म्हणतात, ते मूळचं आफ्रिकेचं. ओट्याखालच्या लहान झुरळाला जर्मन म्हणतात, कारण जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७६७ मध्ये युरोपातल्या नमुन्यांवरून त्याला तसं नाव दिलं. २०२४ मध्ये १७ देशांतल्या २८१ झुरळांची जनुकं तपासली गेली, तेव्हा निघालं की ही जात सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात, इथल्याच एका रानटी झुरळापासून वेगळी झाली. साधारण १२०० वर्षांपूर्वी ती पश्चिम आशियात पोचली आणि पुढे युरोपीय जहाजांच्या कोठारांत बसून जगभर गेली. जर्मनीचा या प्रकरणात संबंध एवढाच की बारशात तिचं नाव घेतलं गेलं.