शिष्यवृत्तीचा मुलगा पडद्यावर कुठे गेला?

‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा अॅनिमेशनपट २०२३ च्या जूनमध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांतून आला. आमच्या खारीतली मुले तो पाहून आली आणि म्हणाली, “सर, त्यात आपला स्पायडरमॅन आहे!” पवित्र प्रभाकर हे त्याचे नाव. पण हा ‘आपला’ शब्द तपासून घेतला पाहिजे.

चित्रकथेचा चित्रपट होतो म्हणजे काय होते? चित्रकथेत दोन चौकटींमधली रिकामी जागा वाचक स्वतःच्या अनुभवाने भरतो. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी सरकतात. तिथे ती जागा चित्रकार भरतो. शिवाय अनेक अंकांची कथा दोन-अडीच तासांत बसवायची, म्हणजे काही ठेवायचे आणि काही गाळायचे. काय गाळले, यावरून करणाऱ्याची दृष्टी कळते.

पवित्र जन्मला २००४ साली, शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांच्या चित्रकथेत. तिथे तो दूरच्या खेड्यातला गरीब मुलगा आहे. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून मुंबईच्या शाळेत येतो. त्याचे धोतर पाहून वर्गातली मुले त्याची टर उडवतात. काका काबाडकष्ट करून घर चालवतो. त्या काकाचे नाव भीम. मूळ अमेरिकन कथेतल्या ‘बेन’शी जुळणारे म्हणून ते घेतले असेल, पण आपल्या कानाला ते वेगळेच ऐकू येते.

याच रूपांतरात आणखी एक बदल झाला. अमेरिकन नायकाला किरणोत्सारी कोळ्याच्या दंशाने, म्हणजे अपघाताने शक्ती मिळते. पवित्रला ती एक प्राचीन योगी देतो. अपघात कुळ पाहून होत नाही. वरदान मात्र देणारा माणूस निवडून देतो. एकलव्याची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा फरक सांगायला नको.

पुढे चित्रपटात पवित्र ‘मुंबटन’ नावाच्या झगमगत्या शहरात भेटतो. देखणा, निर्धास्त, सगळे सहज जमणारा. त्याची मैत्रीण पोलीस अधिकाऱ्याची मुलगी. शिष्यवृत्ती नाही, टवाळी नाही, भीमकाकाचे कष्टही नाहीत.

त्याची भूमिका छोटी होती, वेळ नव्हता, असे कोणी म्हणेल. ते काही अंशी खरेही आहे. पण याच मालिकेचा नायक माइल्स मोरालेस पाहा. २०११ साली चित्रकथेत आलेला हा कृष्णवर्णीय बापाचा आणि पोर्तो रिकन आईचा मुलगा. सोडतीत नाव निघून तो नामांकित शाळेत जातो. २०१८ च्या ‘इन्टू द स्पायडर-व्हर्स’ने त्याचे तिथले परकेपण गाळले नाही. उलट सुरुवातीला त्याचे प्रत्येक चित्र दोन चौकटी थांबवून ठेवले, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे. शेजारी सरावलेला पीटर मात्र २४ चित्रांनी सरसर हलतो. नवख्याचे अवघडलेपण चित्रांच्या हिशेबातूनच उभे राहिले. या चित्रपटाला २०१९ साली ऑस्कर मिळाले.

मी घरातला पहिला पदवीधर. आमच्या वर्गात शिष्यवृत्तीची यादी मोठ्याने वाचली जाई आणि नाव आले की उभे राहावे लागे. बाकांवर कुजबुज होई. ते उभे राहणे म्हणजे काय, हे पवित्रला कळले असते. चित्रपटातल्या पवित्रला ते कळणार नाही.

मुलांनी चित्रपट जरूर पाहावा, हसावे, टाळ्या वाजवाव्यात. पण ‘आपला’ म्हणण्याआधी त्याची शाळा, त्याचे कपडे, त्याच्या काकाची मजुरी कुठे गेली, हे विचारावे. आणि ज्याच्या हातात पेन्सिल आहे, त्याने ती गाळलेली चौकट स्वतः काढावी.