विश्लेषण : अ‍ॅड्रिनलिनचा नळ कोण उघडतो, कोण बंद करतो?

भरधाव वाहन अगदी जवळून गेले की छातीत धडधडते, रक्तदाब चढतो. रक्तात उतरलेले अ‍ॅड्रिनलिन हे त्याचे एक मोठे कारण. हे संप्रेरक केव्हा आणि किती सुटावे, हे पेशीच्या आवरणातील कॅल्शियम चॅनेल नावाच्या सूक्ष्म दारांवर अवलंबून असते. या दारांवर पहारा कोणाचा, याचा आढावा.

क्रोमाफिन पेशी म्हणजे काय?

दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या गाभ्यात क्रोमाफिन पेशी असतात. गर्भावस्थेत त्या अनुकंपी चेतापेशींच्याच मूळ पेशीसमूहातून तयार होतात. त्यामुळे चेतापेशींप्रमाणेच त्याही विद्युत संकेत निर्माण करतात. मात्र त्यांना लांब तंतू नसतो आणि त्या आपला संदेश थेट रक्तात सोडतात.

कॅल्शियम नेमके काय करते?

मेंदूकडून आदेश आला की चेतातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन सुटते. त्यामुळे क्रोमाफिन पेशीच्या आवरणावरील विद्युत स्थिती बदलते आणि कॅल्शियम चॅनेल उघडतात. पेशीबाहेर मुक्त कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १० हजार पट अधिक असल्याने ते वेगाने आत शिरते. मग अ‍ॅड्रिनलिनने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या आवरणाशी जोडल्या जाऊन बाहेर रिकाम्या होतात. कॅल्शियमशिवाय हा स्राव होत नाही, हे विल्यम डग्लस आणि रोनाल्ड रुबिन यांनी १९६१ मध्ये मांजराच्या ग्रंथीवरील प्रयोगांतून दाखवले. एकेका चॅनेलमधून वाहणारा प्रवाह मोजण्याचे ‘पॅच क्लॅम्प’ तंत्र नंतर आले. त्यासाठी एर्विन नेहेर आणि बर्ट साकमन यांना १९९१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

दारे एकाच प्रकारची असतात का?

नाही. एल, एन आणि पी/क्यू हे प्रमुख प्रकार आहेत. ते वेगळे ओळखण्यासाठी विषांचा उपयोग झाला. शंकूच्या आकाराच्या सागरी गोगलगायीच्या विषातील एक घटक एन प्रकार बंद करतो, तर एका कोळ्याच्या विषातील घटक पी/क्यू प्रकार रोखतो. या प्रकारांचे प्रमाण प्राण्यागणिक बदलते. म्हणून उंदरावरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही.

नियंत्रण कसे होते?

पहिला ब्रेक पेशी स्वतःच लावते. अ‍ॅड्रिनलिनसोबत त्याच पिशव्यांतून एटीपी आणि अफूसारखे काम करणारी एन्केफलिन्सही बाहेर पडतात. ती त्याच पेशीच्या किंवा शेजारणीच्या ग्राहकांना चिकटतात. त्यामुळे आवरणाच्या आतील बाजूचे जी-प्रथिन सक्रिय होते. त्याचा एक भाग एन आणि पी/क्यू चॅनेलना जखडतो, त्यामुळे ते कमी आणि सावकाश उघडतात. मात्र आदेशांचा मारा जोरदार असेल, तर ही पकड तात्पुरती सुटते. साध्या प्रसंगी काटकसर आणि खऱ्या संकटात मोकळीक, अशी ही व्यवस्था.

दुसरीकडे, पेशीतील पीकेए हे विकर एल प्रकारच्या चॅनेलची क्षमता वाढवू शकते. शिवाय आत आलेले कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनामार्फत स्वतःचेच दार ओढून घेते.

रुग्णांशी याचा संबंध काय?

याच पेशींची गाठ झाली, तर त्या आजाराला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. तो दुर्मीळ आहे, पण निदान न झाल्यास जिवावर बेतू शकतो. झटक्याने वाढणारा रक्तदाब, डोकेदुखी, घाम आणि धडधड ही त्याची लक्षणे. रक्त किंवा लघवीतील मेटानेफ्रिन्स तपासून निदान होते. शस्त्रक्रियेपूर्वी सहसा अल्फा ब्लॉकर औषधे देतात, गरजेनुसार कॅल्शियम चॅनेल ब्लॉकरही जोडतात. अल्फा ब्लॉकर न देता आधी बीटा ब्लॉकर सुरू केल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या वाढू शकतो.

मग रक्तदाबाची गोळी अ‍ॅड्रिनलिन थांबवते का?

अ‍ॅम्लोडिपिनसारखी गोळी प्रामुख्याने रक्तवाहिन्यांच्या स्नायूंतील एल चॅनेल रोखते आणि त्या वाहिन्या सैलावतात. अ‍ॅड्रिनलिनचा स्राव बंद करणे हे तिचे काम नाही. त्यामुळे गोळी सुरू असूनही असे झटके येत असतील, तर मात्रा स्वतःहून न वाढवता डॉक्टरांना दाखवणे हाच योग्य मार्ग.