पिअर्स दिला, टेटम आला

२७ जून २०१३ची रात्र. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, सुरू असतानाच बातमी फुटली, की बोस्टन सेल्टिक्स पॉल पिअर्स आणि केविन गार्नेट या दोघांना ब्रुकलिन नेट्सच्या हवाली करणार. पिअर्स ३५ वर्षांचा, गार्नेट ३७चा. बदल्यात येणाऱ्यांत जेराल्ड वॉलेस आणि क्रिस हम्फ्रीज ही त्यातल्या त्यात ओळखीची नावं, पण ती प्रामुख्याने पगारांचा ताळेबंद जुळवण्यापुरती. खरा माल कागदावर होता. ब्रुकलिनच्या २०१४, २०१६ आणि २०१८च्या पहिल्या फेरीतल्या निवडी बोस्टनच्या झाल्या, शिवाय २०१७ साली आपली निवड देऊन त्यांची घेण्याचा हक्क. ड्राफ्टमध्ये साधारणपणे तळाच्या संघांना आधी निवड मिळते. म्हणजे ब्रुकलिन जितकं गाळात जाईल, तितका हा कागद महाग होणार होता.

पिअर्सला द्यावं की ठेवावं, हा वाद त्याआधीपासून बोस्टनमध्ये घोळत होता. ठेवा म्हणणाऱ्यांची बाजू नुसत्या भावनेची नव्हती. १९९८ला दहाव्या क्रमांकावर निवडलेला हा पोरगा लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडमध्ये, म्हणजे बोस्टनच्या जुन्या वैऱ्यांच्या, लेकर्सच्या अंगणात वाढलेला. २००० साली बोस्टनमधल्या एका नाइटक्लबात त्याच्यावर चाकूचे अकरा वार झाले आणि त्यानंतर लगेचच्या हंगामात तो सगळेच्या सगळे ८२ सामने खेळला. संघ रडतखडत चालला होता ती वर्षंही त्याने काढली. २००७ला गार्नेट आणि रे अ‍ॅलन आले आणि २००८ला लेकर्सनाच हरवून विजेतेपद मिळालं, अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू पिअर्स. सेल्टिक्ससाठी त्याचे गुण २४,०२१. त्याच्या पुढे एकटा जॉन हॅवलिचेक. अशा माणसाला निवृत्तीच्या तोंडावर दुसऱ्या गावाचा सदरा घालायला लावायचा?

द्या म्हणणाऱ्यांकडे ताजा हिशेब होता. २०१२ला मायामीशी सातव्या सामन्यापर्यंत झुंजून हरले, त्या उन्हाळ्यात अ‍ॅलन त्याच मायामीकडे गेला, पुढच्या जानेवारीत राजॉन रॉन्डोचा गुडघा गेला आणि २०१३ला निक्सनी पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. ड्राफ्टच्या आधी प्रशिक्षक डॉक रिव्हर्सही क्लिपर्सकडे निघून गेला.

निर्णय संघबांधणीचा प्रमुख डॅनी एंजच्या हातात होता, आणि एंजच्या मनात एक जुनं प्रकरण होतं. ऐंशीच्या दशकात तो स्वतः बोस्टनकडून लॅरी बर्ड आणि केविन मॅकहेल यांच्याबरोबर खेळला. दोघांची शरीरं थकू लागली होती, मागणी मात्र होती. यांना आत्ताच देऊन टाका, असं आपण संघाध्यक्ष रेड आवरबॅकला सुचवलं होतं, असं एंज सांगत आला आहे. आवरबॅकने ऐकलं नाही. (एंजलाच १९८९ला सॅक्रामेंटोला धाडलं, हा भाग वेगळा.) बर्ड १९९२ला, मॅकहेल १९९३ला बोस्टनमध्येच निवृत्त झाले. त्यांच्या बदल्यात संघाच्या हाती काही आलं नाही, आणि १९९६ ते २००१ अशी सलग सहा वर्षं प्लेऑफचं तोंड दिसलं नाही.

तरीही एंजच्या हुशारीचे जे गोडवे गायले जातात, त्यांतला अर्धा वाटा मी मिखाईल प्रोखोरोव्हला देईन. नेट्सच्या या रशियन मालकाला ब्रुकलिनच्या नव्या घरात लगेच विजेतेपद हवं होतं. म्हातारा खेळाडू विकायला काढणं सोपं. त्याला तरुणाचा भाव देणारा उतावळा शेजारी दर पिढीत भेटत नाही. नेट्सनी ४४ सामने जिंकले, टोरोंटोला पहिल्या फेरीत हरवलं, तेही सातव्या सामन्यात शेवटच्या क्षणी पिअर्सने काइल लाउरीचा फटका अडवला म्हणून. पुढच्या फेरीत मायामीने संपवलं. त्या उन्हाळ्यात पिअर्स वॉशिंग्टनला गेला, गार्नेट २०१५च्या फेब्रुवारीत मिनेसोटाला. नेट्स मग २१ आणि २० विजयांपर्यंत घसरले.

बोस्टनला २०१४च्या निवडीतून मिळालेला जेम्स यंग काही टिकला नाही. २०१६ला तिसऱ्या क्रमांकावर जेलेन ब्राऊन आला. २०१७ला अदलाबदलीच्या हक्कातून थेट पहिला क्रमांक हाती लागला. तो फिलाडेल्फियाला देऊन बोस्टन तिसऱ्यावर उतरलं आणि जेसन टेटमला घेतलं. फिलाडेल्फियाने मार्केल फुल्ट्झ घेतला. २०२४ला बोस्टनने डॅलसला हरवून अठरावं विजेतेपद मिळवलं तेव्हा संघाचे दोन खांब ब्राऊन आणि टेटम हेच होते.

उलट उदाहरण पिअर्सच्या सौद्याच्याच वर्षीचं. लेकर्सनी नोव्हेंबर २०१३मध्ये, टाचेची शीर तुटून बसलेल्या ३५ वर्षांच्या कोबी ब्रायंटशी दोन वर्षांचा ४ कोटी ८५ लाख डॉलरचा नवा करार केला. मग विजय आले २७, २१ आणि १७. निरोपाच्या सामन्यात कोबीने ६० गुण केले. लेकर्सच्या चाहत्याला हा सौदा तोट्याचा वाटला का, हे विजयांच्या आकड्यांत सापडणार नाही.

पिअर्सचा सौदा मला आजही योग्य वाटतो. गार्नेटच्या करारात त्याच्या संमतीशिवाय त्याला देता येणार नाही असं कलम होतं, म्हणजे त्याला विचारावं लागलं आणि तो राजी झाला. जानेवारी २०१४मध्ये दोघे पाहुणे म्हणून बोस्टनला आले तेव्हा अख्खं सभागृह उभं राहिलं.

खटकतं ते पुढचं. ब्रुकलिनची २०१८ची निवड एंजने कायरी अर्व्हिंगसाठी क्लीव्हलँडला दिली आणि तिच्यासोबत आयझेया थॉमसलाही. पाच फूट नऊ इंचांचा हा गडी, वय २८. बहीण अपघातात गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तो प्लेऑफ खेळला, तिच्या वाढदिवशी त्याने ५३ गुण केले, आणि दुखऱ्या खुब्याने जमेल तितका खेळत राहिला. ऑगस्ट २०१७मध्ये त्याला फोन आला. इथे वयाची सबब नव्हती. अर्व्हिंग दोन हंगामांत निघून गेला, तोही ब्रुकलिनला.

११ फेब्रुवारी २०१८ला पिअर्सचा ३४ क्रमांक सन्मानाने छताला चढणार होता आणि पाहुणा संघ होता क्लीव्हलँड. त्याच संध्याकाळी थॉमसच्या गौरवाची चित्रफीत दाखवायचा बेत होता. पिअर्स अडून बसला: माझी रात्र मी वाटून घेणार नाही. थॉमसने माघार घेतली, आणि तो दिवस उजाडण्याआधीच क्लीव्हलँडने त्याला लेकर्सकडे पाठवलं. बोस्टनने ती चित्रफीत दाखवली मार्च २०१९मध्ये, तो डेन्व्हरचा खेळाडू म्हणून आला तेव्हा.